तेल टाकल्यावर खाली काय होतं

मथुरे, काल तुझा दहावा झाला. कावळा लगेच शिवला.

किसननं पिंड ठेवला अन् तो चार पावलं मागं सरला न्हाई, तोच समोरच्या बाभळीवरून कावळा उतरला. भाताला चोच मारली अन् गेला. लोक खूष झाले. तुझी जाऊ म्हणली, "अहेव गेली, भरल्या घरातून गेली, बाईचं काही मागं राह्यलं न्हाई." सगळ्यांनी हात जोडले अन् मोकळे झाले. सध्या गावोगाव धाडींची धास्ती हाये, दिवस मावळायच्या आत ज्याला त्याला घरी पोचायचं असतं. लवकर सुटलो ह्याचा बी आनंद होता त्यांना.

मी मात्र तिथं उभाच. मी तयारी करून आल्तो. मला बिलकुल वाटलं नव्हतं की कावळा शिवंल म्हणून. मला वाटलं तासभर जाईल, दोन तास जातील. भट म्हणंल, "बाईच्या मनात काय राह्यलं बघा." किसन म्हणंल, "माय, आबाला मी सांभाळतो." सून काही म्हणंल. तरी कावळा बाभळीवरच बसंल. मंग मी पुढं होईन अन् साऱ्या गावासमोर ते बोलंन, जे तू तेरा वर्सं माझ्याकडं मागत होतीस. नऊ दिवस ते वाक्य मी तोंडात घोळवलं. भाकरी खातानी घोळवलं, बैलाला पाणी पाजतानी घोळवलं. आता बोलणार, तेवढ्यात कावळा येऊन गेला.

म्हणजे तुझं काहीच अडकलं नव्हतं. अडकलं ते माझं.

म्हणून लिहून राह्यलो. मी दोन इयत्ता शिकलो, त्या बी उर्दूतून. मराठी अक्षरं पोथीवरून उचललेली. चुकलं तर चुकलं. लग्नाच्या जुन्या पत्रिका पडल्या होत्या, त्यांच्या कोऱ्या बाजूनं लिहितो. किसन वाचंल, गाव वाचंल, वाचू दे. मला जे बोलायचं ते पहिलं बोलतो: रामेश्वराला त्या पाण्यात मी काही पाह्यलं न्हाई. एक मासा बी न्हाई.

तुला हे ठावं हाये. पण वाचणाऱ्याला कळावं म्हणून सगळं सांगतो.

तेरा वर्सांमागं आपल्या केदारखेड्यातून अन् आसपासच्या खेड्यांतून चौदा माणसं रामेश्वराला गेल्तो. जालन्याला रेल्वेत बसलो अन् गाड्या बदलत बदलत पाचव्या दिवशी समिंदरावरच्या पुलावर आलो. तू खिडकीला होतीस. सारखी म्हणत होतीस, "अवो, खाली पाणीच पाणी हाये, जमीन न्हाईच." तव्हा बी माझे डोळे मिटलेलेच होते. ते तू पाह्यलं न्हाईस, कारण तुझी नजर बाहेर होती.

देवदर्शन झालं. बावीस कुंडांच्या आंघोळी झाल्या. आपल्या उपाध्याचा एक माणूस होता, त्याचे वाडवडील कव्हातरी आपल्याच मुलखातून तिकडं गेलेले. पोथीतल्यासारखी मराठी बोलायचा. तो म्हणला, "उद्या सकाळी एक नौका जाणार आहे. वाळूच्या पट्ट्याआड समुद्राचे तळे झाले आहे. उथळ आहे, शांत आहे. आत नाना रंग आहेत. ज्यास पाहणे असेल त्याने यावे."

आपल्या मंडळीतलं कोणीच उठलं न्हाई. एक जण म्हणला, "देवाला भेटायला आलो बाबा, यमाला न्हाई." सगळे हसले. अन् तू म्हणलीस, "मी जाते."

बायांनी तोंडाला पदर लावले. "मथुराबाई, तिकडं माहेर हाये का तुझं?"

तू म्हणलीस, "माझं माहेर मंठ्याकडं, माय. तिथं उन्हाळ्यात घागर भरायला दोन कोस चालायचो. पाणी बघू द्या की एकदा, पोटभर."

एकटी बाई परमुलखात पाठवायची कशी? म्हणून मी उठलो. मला भ्या वाटतं असं म्हणता आलं असतं. पण लग्न झालं त्याच साली मी तुला सांगून बसलो होतो की पूर्णेच्या डोहात मी ह्या काठाचा त्या काठाला जातो. ते खोटं होतं. कमरेच्या वर पाणी आलं की माझे पाय सुटतात. आजतागायत सुटतात. एक खोटं झाकायला मी त्या नावेत चढलो अन् उतरलो ते दुसरं खोटं घेऊन.

नाव ती काय, आपल्या बैलगाडीएवढी रुंद. आडव्या दोन फळ्या. मागं एक काळा, वाळलेला म्हातारा लांब बांबू घेऊन उभा. त्याच्या पायाशी नारळाची करवंटी, तिच्यात तेल. दुसरी माणसं चार, त्यांत एक नवरा-बायको, त्यांची बोली आपल्याला कळंना अन् आपली त्यांना. उपाध्याचा माणूस पुढं बसला. मी मधोमध मांडी घातली, फळी दोन्ही हातांनी धरली अन् डोळे मिटले.

नाव हलली. तू म्हणलीस, "अवो, बघा की!"

मी म्हणलो, "नामस्मरण चाललंय. मधी बोलू नको."

उपाध्याचा माणूस तुला म्हणला, "बाई, तुमचे यजमान फार भाविक आहेत."

तू म्हणलीस, "काय की बाई, घरी तर दिवा लावंस्तोवर बी दम निघत न्हाई त्यांचा."

मी हसलो न्हाई. हसायला जीव ठिकाणावर लागतो. मला ऐकू येत होतं ते सगळं मी आज बी सांगू शकतो. बांबू पाण्यात जायचा तेव्हा चुळुक आवाज यायचा, तळाला टेकला की नाव करकरायची. अंगाला खारट वारा लागत होता. ऊन तोंडावर होतं, मिटल्या पापण्यांतून लाल उजेड दिसायचा. समिंदराचा तोच एक रंग मी पाह्यला.

बाकी सगळं तू पाह्यलं. तू फळीवर पालथी पडून पाण्यात तोंड घालायचीच बाकी होतीस. "अगं माय, हळद सांडली बघा, हळद! न्हाई, न्हाई, मासे हायेत. पळाले. अन् ते दगडं हायेत का फुलं?"

"दगड नव्हे बाई, तो जीव आहे."

"जित्ता?"

"जिवंत. सावली पडली की मिटतो."

"लाजाळूवाणी!"

मंग तू ओरडलीस, "अवो, तो पाण्यात तेल टाकून राह्यला!" उपाध्याच्या माणसानं समजावलं. नावाडी तेलात बोटं बुडवतो अन् पाण्यावर शिंपडतो. तेल पसरलं की पाण्याच्या सुरकुत्या मोडतात. तेवढ्या जागेत पाणी गप होतं अन् तळ काचेतून दिसावा तसा दिसतो. जिथं जिथं त्यानं तेल शिंपडलं तिथं तिथं तू मला हाका मारल्या. मी ओठ हलवत राह्यलो, जसं काही देवाचं नाव घेऊन राह्यलो.

शेवटी एका जागी नाव थांबली. नावाड्यानं बांबू रोवला. तेल शिंपडल्याचं मला आवाजावरून कळलं. अन् मंग कोणी काहीच बोललं न्हाई. तू बी न्हाई. इतका येळ तोंड मिटलं नव्हतं तुझं, अन् आता श्वास बी ऐकू येईना. ती परमुलखाची बाई हुंदका देऊन रडली. तिच्या नवऱ्यानं हळूच काहीतरी म्हणलं. उपाध्याचा माणूस, जो सारखा माहिती सांगत होता, तो बी गप. तू माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की तुझी एक बांगडी माझ्या हाडावर पिचली. पण तो हात भ्यालेला नव्हता. भ्यालेला हात कसा असतो ते मला बराबर ठावं होतं, दोन माझ्याच अंगाला होते.

तव्हा डोळे उघडायचे होते. एक पापणी वर करायला काय लागतं? मी मनात म्हणलो, आता उघडतो. आता. अन् नाव वळली.

परतीच्या पाच दिवसांत रेल्वेत तू मला सारं सांगितलं. तुला वाटत होतं की दोघांनी पाह्यलेलं आपण परत आठवून राह्यलो. मी चाचपून चाचपून इचारायचो. "ते पिवळे तुला केवढाले वाटले?" तू हात पसरून दाखवायचीस. "अन् ते हिरवं काय होतं, मला नीट दिसलं न्हाई, ऊन डोळ्यांत होतं." तू भोळेपणानं सगळं ओतलं. फक्त शेवटच्या जागेचं काही बोलली न्हाईस. मला वाटलं, ती इतकी मोठी गोष्ट असंल की ती बोलायची नसती, दोघांनी पाह्यली तेवढं बस, असं तुझ्या मनात हाये.

घरी आल्यावर मावंदं घातलं. गाव जेवायला आलं. जेवतानी कोणीतरी म्हणलं, "आबा, तिकडचं काही सांगा." अन् माझ्या जिभेवर काय बसलं कोण जाणे. मी सुटलोच. हळद सांडल्यासारखे मासे. सावली पडली की मिटणारी जित्ती फुलं. तेलानं गप होणारं पाणी. माणसं घास घ्यायचं इसरली. मला आजवर कोणी असं ऐकलं नव्हतं. मी फटकळ माणूस, माझं बोलणं लोक टाळतात. त्या दिवशी लोक पुढं सरकून बसले. मंग मी म्हणलो, "अन् एक मासा तर असा, मथुराच्या बहिणीच्या लग्नातला खण होता ना, जांभळा, अन् मधी सोन्याची बुट्टी, हुबेहूब तसा."

तू आतून पळी हातात घेऊन दारात आलीस.

तुझ्या बहिणीच्या लग्नाला मी गेलोच नव्हतो. तुझ्या बापाशी माझं भांडण झाल्तं, मानपानावरून. तू एकटी गेल्तीस, डोळे पुसत. तो खण मी कव्हाच पाह्यला नव्हता. ते तुझे शब्द होते, रेल्वेत बोललेले, अन् मी ते जसेच्या तसे उचलून गावाला वाढले. तू दारात उभी राहून माझ्याकडं पाह्यलं, अन् मला कळलं की तुला कळलं.

एक जण म्हणला, "मथुराबाई, तुम्ही बी पाह्यलं असंल की हे सगळं?"

नावेतल्या फळीवर होतो त्यापेक्षा जास्त भ्यालो मी. तू एक शब्द बोलली असतीस तर माझं तोंड काळं झालं असतं. तू म्हणलीस, "त्यांनी पाह्यलं तेच मी पाह्यलं." अन् आत गेलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण दोघं रानात होतो. तू खुरपत होतीस. वर न बघताच म्हणलीस, "सगळं सांगितलं लोकांना. शेवटचं न्हाई सांगितलं."

"कोणतं शेवटचं?"

"नाव वळायच्या आधी नावाडी थांबला, तेल टाकलं, सगळे गप झाले. तव्हा खाली काय व्हतं?"

मी म्हणलो, "ते देवाचं हाये. चारचौघांत सांगायचं नसतं."

"मी चारचौघं हाये का?"

मी औताकडं निघून गेलो.

तेरा वर्सं, मथुरे. वर्सातून कव्हातरी, कुठंतरी, तू इचारायचीस. निंदतानी, भाकरी वाढतानी, एकदा तर तापात. "सांगा की, खाली काय व्हतं?" एकदा मी म्हणलो, "मूर्ती व्हती." "कशाची?" "देवाची." तू म्हणलीस, "हं." दुसऱ्या साली म्हणलो, "बुडालेलं देऊळ." तू म्हणलीस, "हं." तो हुंकार मी उलटून पालटून पाह्यचो. खरं ठरलं का खोटं, काही कळायचं न्हाई. एकदा तू इचारलं, "बरं, रंग तरी सांगा." मी म्हणलो, "निळा." तू लई येळ माझ्या तोंडाकडं पाह्यलं अन् डोळ्यांत पाणी आलं तुझ्या. ते हसून आलं का रडून, ते बी मला कळलं न्हाई.

अन् माझी गोष्ट वाढतच गेली. जाफराबादेकडून पाहुणे आले की सांगा. लग्नात सांगा. बाजाराला गाड्या सोडल्या की झाडाखाली सांगा. लोक मला समिंदरवाले आबा म्हणायला लागले. मी फुलायचो. तू कुठंतरी मागं बसलेली असायचीस, अन् मी काही इसरलो तर हळूच पुरवायचीस, "अन् ते पंख्यावाणी हलत व्हतं, ते सांगा की." स्वतःची चीज मला देऊन वर म्हणायचीस, ही तुमचीच हाये. मला लाज वाटायला पाह्यजे होती. मला फक्त राग यायचा.

तू मात्र ते पाणी सोडलं न्हाई. धुणं धुवायला गेलीस की करडईच्या तेलाची बुटकुली बरोबर न्यायचीस अन् पूर्णेच्या डोहात दोन थेंब टाकून वाकून बघायचीस. बाया म्हणायच्या, "मथुराबाई, नदीला फोडणी देऊन राह्यली का?" तू म्हणायचीस, "देते की. जेवायला या." पण सुनेला बोलावून दाखवायचीस, बघ, कसं गप होतं पाणी. अन् रानात कपाशी फुलली की मला हाताला धरून न्यायचीस. फूल आज पिवळं असतं अन् उद्या गुलाबी होतं, हे मी सारा जन्म कपाशीत राहून पाह्यलं नव्हतं. तू म्हणलीस, "रंग पालटायला पाण्यातच जायला पाह्यजे असं न्हाई. डोळे उघडे पाह्यजेत." मी म्हणलो, "टोमणे मारू नको." पण ते फूल मी पाह्यलं. दुसऱ्या दिवशी तुला न सांगता परत जाऊन पाह्यलं. गुलाबी झालं होतं. हे तुला कव्हा सांगितलं न्हाई. बघ, हे बी राह्यलंच.

तीन वर्सांमागं कापूस वेचतानी तू ओटी भरून बांधावर बसलीस अन् सरळच म्हणलीस, "इतकंच म्हणा, 'मी डोळे मिटले व्हते.' मंग मी सांगते खाली काय व्हतं. मला ते तुम्हाला सांगायचंय. लई दिवसांचं सांगायचंय."

मी म्हणलो, "मला खोटं पाडतेस?"

"कोणासमोर? ह्या कपाशीसमोर?"

"मी पाह्यलंय."

तू म्हणलीस, "पटवाऱ्याला तोंडावर बोलता, भावकीला तोंडावर बोलता, माझ्या बापाला त्याच्याच दारात बोललात. साऱ्या जगाला तोंडावर बोलता, तेवढं एक मला तोंडावर बोला."

मी वेचलेला कापूस तिथंच उधळला अन् घरी आलो. ज्वारी पेरून उगवंस्तोवर तुझ्याशी बोललो न्हाई. तू उधळलेलं सगळं बोंड न् बोंड वेचून, झटकून आणलं होतं. त्यात काडी बी नव्हती.

अन् आता ते, जे मला लिहवत न्हाई.

तीन दिवस तुला ताप होता. तिसऱ्या दिवशी दुपारी किसन वैदूला आणायला गेल्ता, सून दळत होती. तू डोळे उघडले. एकदम साफ होते. मला म्हणलीस, "अवो, आता सांगू का?"

काय ते मी इचारलं न्हाई. मला बराबर कळलं. तू अट बी घातली न्हाईस ह्या टायमाला. फुकट देत होतीस.

अन् मी म्हणलो, "मला ठावं हाये. तू पड."

तू म्हणलीस, "बरं." अन् भिताडाकडं तोंड केलं. किसन यायच्या आत गेलीस.

मी मनाशी कारणं जोडून पाह्यली, मथुरे. एक कारण असं जोडलं की मला वाटलं, हिनं सांगून टाकलं तर हिचं काम संपलं, मंग ही जाईल. सांगायचं बाकी राह्यलं तर थांबंल. किती चांगलं कारण हाये. कोणाला बी सांगितलं तर रडंल. पण ते मला चार दिवसांनी सुचलेलं हाये. त्या टायमाला माझ्या मनात काहीच नव्हतं. तोंडातून निघालं ते निव्वळ सवयीनं निघालं. तेरा वर्सं जे म्हणत आल्तो तेच म्हणलो. तुला मी शेवटचं वाक्य जे बोललो ते खोटं होतं अन् वरून हुकूम.

दहा दिवस मला दुसरं काही सुचत न्हाई. लोकांना वाटतं म्हातारा बायकोसाठी झुरून राह्यला. झुरतोच. पण मी तुझं तोंड आठवायला जातो अन् पुढं ते पाणी येतं. काय असंल तिथं? देऊळ असतं तर तू तिथंच नमस्कार केला असता, हात सोडला असता माझा. मेलेलं माणूस असतं तर तू ओरडली असतीस. ती बाई का रडली? उपाध्याचा माणूस का गप झाला? तुला मला लई दिवसांचं काय सांगायचं होतं? साऱ्या मुलखात हे सांगणारं एकच माणूस होतं, अन् ते माझ्या चुलीपाशी तीस-पस्तीस वर्सं बसलेलं होतं. ह्या वयात, ह्या दिवसांत मी परत रामेश्वराला जाणार हाये का? अन् गेलो तरी तो नावाडी कुठला, ती जागा कुठली? पाण्याला काही खूण असती का?

काल लोक निघून गेल्यावर मी काठावरच थांबलो. दिव्याला आणलेलं करडईचं तेल उरलं होतं. तू धुणं धुवायचीस त्या दगडावर मी उकिडवा बसलो, डोहाच्या कडेला. कधी बसलो नव्हतो इतकं पाण्याजवळ. बोटं बुडवली अन् शिंपडली. तेल पसरलं. पाणी खरंच गप झालं गं, हातभर जागेत. खाली वाळू होती, दोन गोगलगायी, एक बाभळीचा काटा, अन् बोटाएवढा मासा उभाच्या उभा थांबलेला. मी पापणी लवू दिली न्हाई. मंग वारा आला अन् सगळं मोडलं. मी परत तेल टाकलं.

मागून किसन आला. "आबा, काय बघून राह्यले?"

माझ्या तोंडात ते वाक्य होतंच, सकाळपासून अडकलेलं. ते निघालं. "किसन, मी पाह्यलं न्हाई."

"काय न्हाई पाह्यलं?"

"रामेश्वराचं पाणी. मी डोळे मिटले व्हते. मला भ्या वाटत व्हतं."

किसन माझ्या शेजारी बसला. डोक्याला मुंडण, ओलं धोतर. इतका मोठा झालेला दिसला मला तो. म्हणला, "मला ठावं हाये, आबा."

"कव्हापासून?"

"लई वर्सं झाली. मायनं सांगितलं व्हतं. म्हणली, तुझ्या बापाला कव्हा टोकू नको, गोष्ट सांगतानी ते लई चांगले दिसतात."

मी चटकन त्याच्याकडं वळलो, मथुरे. माझं पितळ उघडं पडलं म्हणून न्हाई. मला वाटलं, सापडलं. तिनं पोराला सांगितलंय. मी त्याचा हात धरला, जसा तू माझा धरला होतास तसा. म्हणलो, "मंग ते बी सांगितलं असंल. शेवटी नाव थांबली तव्हा खाली काय व्हतं?"

किसननं पाण्याकडं पाह्यलं. "इचारलं व्हतं मी एकदा. म्हणली, ते तुझ्या बापाचं हाये. ते मी त्यांनाच सांगीन."

माझं होतं ते. तू ते तेरा वर्सं कोणाला दिलं न्हाई, पोटच्या पोराला बी दिलं न्हाई, माझ्यासाठी जपून ठेवलं. अन् मी म्हणलो, मला ठावं हाये, तू पड.

परवा तेरावा हाये. लोक जेवायला येतील. कोणीतरी म्हणंलच, आबा, मन रमवा, समिंदराचं काही सांगा. मी सांगीन. हळदीचे मासे सांगीन, खण सांगीन, अन् दर एकाच्या आधी म्हणीन, मथुरानं पाह्यलं. शेवटच्या जागेपाशी आल्यावर म्हणीन, हितं फक्त तिनं पाह्यलं, मी शेजारी बसून डोळे मिटले होते. मंग लोक इचारतील, काय होतं? अन् मी गप राहीन. त्या नावेत सगळे गप झाले होते तसा. माझ्याकडं तेवढंच हाये, ती गप्प बसलेली घडी अन् मनगटावर तुझी पिचलेली बांगडी.

ती दुपार मला परत मिळावी, दुसरं काही नको. तू म्हणावंस, आता सांगू का.

तुझी अट होती ती मी पुरी केली, बघ. आधी किसनला सांगितलं, आता लिहून दिलं, परवा गावाला सांगीन. तुला तोंडावर बोलायचं राह्यलं होतं, ते आता तुझ्या रिकाम्या बाजेपाशी बसून मोठ्यानं बोललो. सुनेनं आतून ऐकलं, जातं थांबवलं.

मी डोळे मिटले होते, मथुरे.

आता तुझी पाळी. सांग. माझे डोळे उघडे हायेत.